अक्षरें फिरलीं, अर्थ फिरला



आजच्या भाषणाचा विषय म्हटला तर एक खेळ आहे. परंतु तो मोठमोठ्या पंडितांनीं खेळलेला असल्यामुळें त्याला साहित्याच्या दरबारांत जागा द्यावी कीं नाहीं, हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. एखाद्या शब्दांतील किंवा वाक्यांतील अक्षरें तींच ठेवावयाचीं, त्यांत एकहि वाढवावयाचें नाहीं कीं कमी करावयाचें नाहीं, केवळ त्यांचा क्रम बदलून दुसरा सार्थ शब्द काढावयाचा, असा हा खेळ. त्याला आपण अक्षरविपर्यास म्हणूं. नभोवाणीवर फळा दाखवितां येत नाहीं, ही वक्त्याची मोठीच अडचण; म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद आणि पेन्सिल जवळ घ्यावी.

आपली जीभ हा खेळ कोणीं न शिकवितांच खेळत असते. 'नुकसान' या शब्दाचें खेड्यापाड्यांत 'नुसकान' होतें आणि 'मतलब' चें 'मतबल' होतें, तें असेंच. व्याकरणकारांनीं याला वर्णविपर्यय किंवा वर्णव्यत्यय असें नांव दिलें आहे. 'सिंह' हा शब्द 'हिंस्' या धातूंतील वर्ण उलटून झाला, असें पतंजलीच्या महाभाष्यांत सांगितलें आहे. परंतु जिभेनें नकळत केलेली उलटापालट निराळी आणि कवीनें जाणूनबुजून केलेली निराळी. कवीनें अक्षरें फिरविलीं, तर त्यानें काय साधलें, हें विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माझी कसोटी साधी आहे. अक्षरें फिरल्यावर जो दुसरा अर्थ निघतो, तो पहिल्या अर्थाशीं कांहीं बोलतो काय? बोलत असेल तर तें साहित्य. मुका असेल तर ती नुसती कसरत. या कसोटीवर आज कांहीं उदाहरणें घांसून पाहूं.

प्रथम अक्षर म्हणजे काय तें ठरवूं. युरोपीय लिपींत स्वर आणि व्यंजन सुटेसुटे लिहितात, म्हणून तेथें ते मण्यांप्रमाणें हवे तसे हलवितां येतात. आपल्या देवनागरींत व्यंजन आणि त्याचा स्वर मिळून एक अक्षर होतें. 'की' मधील वेलांटी सोडवून ती शेजारच्या अक्षराला लावतां येत नाहीं. त्यामुळें आपला खेळ अधिक कठीण, पण अधिक नेटका आहे. 'कपट' या शब्दाचीं तीन अक्षरें घ्या. त्यांतून 'पटक' निघतें आणि 'टपक' हि निघतें. 'गजर' मधून 'गरज' निघते. 'मदन' मधून 'दमन' निघतें, आणि मदनाचें दमन करणारा शंकर ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथें दोन शब्द एकमेकांशीं बोलूं लागल्याचें चटकन् जाणवेल. 'कविता' या शब्दाचीं अक्षरें हलविलीं तर 'विकता' होतें. कवितेवर पोट भरूं पाहणारांना त्याचा अर्थ सांगावयास नको. उलट 'नवरा' या शब्दापासून 'वानर' निघत नाहीं, कारण तेथें एका अक्षराचा काना काढून दुसऱ्याला द्यावा लागतो. गृहिणींची या बाबतींत निराशा झाली असल्यास माझा इलाज नाहीं.

संस्कृत साहित्यशास्त्रानें या खेळाला थोड्या सवलती दिल्या आहेत. अनुस्वार आणि विसर्ग यांचा फरक पडला तरी चालतो. 'ब' आणि 'व', तसेच 'ड' आणि 'ल' हे एकच मानले जातात. जोडाक्षर मात्र अखंड राहतें. तें फोडावयाचें नाहीं. हा खेळ वर्गांत फळ्यावर मांडला म्हणजे जोडाक्षर हें एकच अक्षर आहे, हें मुलांच्या ध्यानांत लौकर येतें, असा माझा शिक्षकाचा अनुभव आहे.

आतां या खेळाचें सर्वांत थोर उदाहरण पाहूं. तें महाराष्ट्रांतील प्रत्येक घरांत लहान मुलांना सांगितलें जातें. वाल्या कोळ्याच्या पापी मुखाला 'राम' हें नांव उच्चारवेना; तेव्हां त्याला 'मरा' 'मरा' असा जप सांगितला गेला. 'मरा' हा शब्द वाटमाऱ्याच्या तोंडांत रोजचाच. तो सारखा म्हणत राहिल्यानें 'मरा मरा' चें 'राम राम' झालें आणि वाल्याचा वाल्मीकि झाला. अध्यात्मरामायणांत ही कथा वाल्मीकि स्वतःच रामाला सांगतो, आणि नामाचीं अक्षरें व्यत्यस्त करून, म्हणजे उलटीं करून, तो जप दिल्याचें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. येथें आपली कसोटी लावा. मरणाचा शब्द आणि तारणाचा शब्द एकाच दोन अक्षरांचे बनलेले आहेत. फरक केवळ सुरुवात कोठून करावयाची एवढाच आहे. वाटमाऱ्याचा ऋषि होणें म्हणजेहि तेंच. माणूस तोच, त्याची दिशा फिरली. आदिकवीचीच कथा अक्षरविपर्यासावर उभी असावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

असाच एक जुना सुभाषिताचा विचार आहे. 'साक्षरा' हा शब्द उलटा वाचला तर 'राक्षसा' होतो. 'सरस' हा शब्द मात्र उलटा वाचला तरी 'सरस' च राहतो. नुसतें लिहितां-वाचतां येणारा मनुष्य बिघडला तर राक्षस होतो, पण ज्याच्या ठिकाणीं रसिकता आहे त्याची कशीहि परीक्षा घेतली तरी ती ढळत नाहीं, असा त्याचा आशय. जन्मभर साक्षर करण्याचें काम केलेल्या माणसाला हें सुभाषित थोडें झोंबतें. पण तें खरें आहे.

शब्द टोंकाकडून उलटा वाचणें, हा अक्षरविपर्यासाचाच विशेष प्रकार. त्याला विलोम म्हणतात. 'रामाला भाला मारा' किंवा 'चिमा काय कामाची' हीं वाक्यें मुलें मोठ्या हौसेनें दोन्ही बाजूंनीं म्हणतात. भारवीनें किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गांत आणि माघानें शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गांत या जातीच्या करामतींची रास घातली आहे. दोन्ही सर्ग युद्धवर्णनाचे आहेत; व्यूह रचावेत तशीं अक्षरें रचलीं आहेत, एवढें त्यांचें समर्थन करतां येईल.

परंतु संपूर्ण काव्यच विलोम रचण्याचें साहस ज्यानें केलें, तो पंडित आपल्या मराठवाड्यांतला होता, हें आपल्याकडील फार थोड्यांना माहीत असतें. त्याचें नांव सूर्यदैवज्ञ, ऊर्फ सूर्यकवि. गोदावरीच्या परिसरांतील पार्थपूर हें त्याचें गांव. म्हणजेच परभणी जिल्ह्यांतील पाथरी, असें विद्वान् मानतात. मी ज्या हिंगोली जिल्ह्यांत राहतों, तो १ मे १९९९ पर्यंत त्याच परभणी जिल्ह्याचा भाग होता. तेव्हां सूर्यकवि आमच्या घरचाच म्हणावयाचा. त्याचे वडील ज्ञानराज हे मोठे ज्योतिषी. त्यांचा 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ शके १४२५ मधील, म्हणजे इ. स. १५०३ चा. सूर्यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ सालीं 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली, आणि १५४१ सालीं लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' लिहिली. अशा या गणितज्ञानें 'रामकृष्णविलोमकाव्य' नांवाचें एक छोटें काव्य रचलें. त्याचे श्लोक चाळिसांहूनहि कमी आहेत. प्रत्येक श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयीं बोलतो. तोच पूर्वार्ध शेवटच्या अक्षरापासून उलटा वाचीत गेलें कीं त्याच श्लोकाचा उत्तरार्ध तयार होतो, आणि तो कृष्णाविषयीं बोलतो.

हें कसें साधतें, याची कल्पना एका शब्दानें देतों. 'दया' हा शब्द उलटला तर 'याद' होतो. आतां 'दया' च्या आधींच्या शब्दाचें शेवटचें अक्षर 'व' असेल, तर उलट वाचतांना तें 'याद' च्या मागें येऊन बसतें, आणि 'यादव' शब्द तयार होतो. रामाकडील दया अशा रीतीनें यादव कृष्णाकडे पोंचते. संस्कृतांत हें शक्य आहे, याचीं कारणें तीन. पहिलें, वाक्यांतील पदांचा क्रम मोकळा असतो. दुसरें, संधि आणि समास यांमुळें पदें कोठें तोडावयाचीं याला वाव राहतो. तिसरें, एकेका अक्षराचेहि अर्थ देणारे कोश कवीच्या हाताशीं असतात. तरीहि शेवटीं कवीला भाषेची ओढाताण करावी लागते, आणि टीका हाताशीं घेतल्यावांचून उत्तरार्धांतून वाट काढणें अवघड होतें. पुढें सतराव्या शतकांत कांचीकडील वेंकटाध्वरि या कवीनें 'राघवयादवीय' या तीस श्लोकांच्या काव्यांत हीच कल्पना निराळ्या रीतीनें वापरली. तेथें सबंध श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा आणि उलट वाचला तर कृष्णाची.

साहित्यशास्त्राचा निकाल मात्र कवींना अनुकूल नाहीं. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें अशा चित्रकाव्याला खरें काव्य न म्हणतां काव्याची नक्कल म्हटलें, आणि अकराव्या शतकांतील मम्मटानें त्याला सर्वांत खालची पायरी दिली. हा निकाल बहुतेक ठिकाणीं योग्यच आहे. तरीहि सूर्यकवीच्या बाजूनें एक मुद्दा मांडावासा वाटतो. राम आणि कृष्ण हे एकाच विष्णूचे अवतार. एकाच अक्षरमालेचीं दोन टोंकें धरून दोघांची स्तुति करणें, म्हणजे ते दोघे मुळांत एक आहेत हें शब्दांच्या रचनेनेंच दाखविणें होय. दोन परक्या व्यक्तींवर अशी रचना केली असती तर ती कसरत ठरली असती. येथें रचना आणि आशय एकमेकांना धरून आहेत.

हा कवि गणितज्ञ होता, हाहि योगायोग समजूं नये. ज्या लीलावतीवर त्यानें टीका लिहिली, तिच्या शेवटीं 'अंकपाश' नांवाचें प्रकरण आहे. ठराविक वस्तूंचे क्रम किती रीतींनीं बदलतां येतात, हा त्याचा विषय. भास्कराचार्यांनीं तेथें विचारलें आहे कीं, विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा आणि पद्म यांची अदलाबदल केली तर मूर्तीचे प्रकार किती होतील? उत्तर येतें चोवीस. शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंबद्दल तोच प्रश्न केला तर उत्तर येतें ३६,२८,८००. संध्येंत 'केशव', 'नारायण', 'माधव' अशीं जीं चोवीस नांवें घेतात, त्या चोवीस मूर्ति मूर्तिशास्त्राप्रमाणें याच चार चिन्हांच्या चोवीस क्रमांनीं ओळखल्या जातात. म्हणजे चिन्हें तींच, क्रम निराळा, आणि प्रत्येक क्रमाला स्वतंत्र नांव. अक्षरविपर्यासाचें तत्त्व आपल्याकडे असें थेट देवघरापर्यंत येऊन पोंचलें आहे.

मग मराठी कवींनीं हा खेळ सूर्यकवीइतका कां खेळला नाहीं? कारण मराठीची घडण. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाच्या मागें चिकटतात. 'रामाला' हा शब्द उलटला कीं 'लामारा' होतो, आणि तेथेंच गाडें अडतें. म्हणून मराठी पंडितकवींनीं अक्षरें उलटविण्यापेक्षां अक्षरें गुंफणें किंवा अक्षरें टाळणें हे मार्ग धरले. बारामतीच्या मोरोपंतांनीं (१७२९ ते १७९४) एकशें आठ रामायणें रचल्याची प्रसिद्धि आहे. त्यांतील मंत्ररामायणांत श्रीरामाच्या तेरा अक्षरी मंत्राचीं अक्षरें गुंफलीं आहेत. निरोष्ठ रामायणांत ओंठाला ओंठ लावून उच्चारावयाचे वर्ण वर्ज्य केले आहेत. आतां 'म' हा ओष्ठ्य वर्ण. म्हणजे त्या रामायणांत 'राम' हें नांवच घेण्याची सोय नाहीं! अशीच ओष्ठ्य वर्ण टाळण्याची युक्ति दंडीनें दशकुमारचरिताच्या सातव्या उच्छ्वासांत योजिली आहे. पण तेथें तिला कथेंतच कारण आहे. बोलणाऱ्या राजकुमाराचा ओंठ प्रियेच्या दंतक्षतानें दुखावला आहे, म्हणून तो ओंठ मिटवूं शकत नाहीं. माझ्या कसोटीवर दंडी येथें मोरोपंतांहून सरस ठरतो. त्याचा नियम कथेंतून उगवला आहे. पंतांचा कथेवर बाहेरून लादलेला आहे.

युरोपांतहि ही हौस कमी नव्हती. फ्रान्सवा राबले या फ्रेंच लेखकानें १५३२ सालीं 'पांताग्रुएल' प्रसिद्ध केलें, तें स्वतःच्या नांवाचीं अक्षरें फिरवून केलेल्या 'आल्कोफ्रिबास नासिए' या टोपणनांवानें. इंग्लंडांत सॅम्युएल बटलरनें १८७२ सालीं एका काल्पनिक देशाची कथा लिहिली आणि त्या देशाचें नांव ठेवलें 'एरेव्हॉन'. 'कोठेंहि नाहीं' या अर्थाच्या 'नोव्हेअर' या इंग्रजी शब्दाचीं अक्षरें फिरवून तें केलेलें आहे. देशाच्या नांवांतच तो देश कोठें नाहीं हें सांगून टाकलें. येथेंहि दोन्ही अर्थ एकमेकांशीं बोलतात.

पण याच युरोपांतील एक गोष्ट आपल्याला सावधहि करते. शास्त्रज्ञ तेव्हां आपला शोध पुरता तपासून होईपर्यंत त्याचें वाक्य अक्षरें विस्कटून कळवीत. म्हणजे शोध गुप्तहि राही आणि पुढें आपला हक्कहि सांगतां येई. गॅलिलिओला १६१० सालीं शनीचा गोल तीन गोलांचा मिळून बनल्यासारखा दिसला. त्यानें हें विस्कटलेल्या अक्षरांत कळविलें. केप्लरनें तीं अक्षरें जुळविलीं, आणि मंगळाला दोन चंद्र आहेत असा त्यांतून अर्थ काढला! तो अर्थ गॅलिलिओच्या स्वप्नांतहि नव्हता. पुढें १८७७ सालीं मंगळाला खरोखरच दोन चंद्र सांपडले, ही आणखी एक मौज. तात्पर्य असें कीं, अक्षरें भरपूर असलीं तर जो जें शोधील तें त्याला सांपडतें. म्हणून नांवांतील अक्षरें फिरवून माणसाचें भविष्य किंवा ग्रंथांतील गुप्त संदेश सांगणारांवर विश्वास ठेवूं नये. अक्षरें साक्ष देत नाहींत. साक्ष लेखकाच्या हेतूची पाहिजे.

हा इशारा ध्यानांत ठेवूनच मी शेवटचें उदाहरण देतों. तें आमच्या जिल्ह्याचें आहे. हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीकांठीं नर्सी हें गांव आहे. शके ११९२ मध्यें, म्हणजे १२७० सालीं, संत नामदेवांचा जन्म तेथें झाला अशी परंपरा आहे, आणि त्यांच्याच नांवानें आज त्या गांवाला नर्सी नामदेव म्हणतात. 'नामदेव' या शब्दाचीं चार अक्षरें कागदावर लिहा: ना, म, दे, व. भास्कराचार्यांच्या हिशेबानें यांचे चोवीस क्रम होतात. बहुतेक निरर्थक आहेत. परंतु जे सार्थ आहेत ते पाहा. 'देवनाम' हा एक. 'वदे नाम' हा दुसरा, म्हणजे नाम उच्चारतो. आणि शेवटच्या अक्षरापासून सरळ उलट वाचीत आलें तर 'वदे मना', म्हणजे मनाला सांगतो. ज्या संतानें जन्मभर देवाचें नाम घेतलें आणि लोकांना घ्यावयास लाविलें, त्याच्या नांवाचीं अक्षरें कशींहि फिरवा, त्यांतून तोच उपदेश बाहेर येतो.

हा योगायोग आहे, हें मी स्पष्ट सांगतों. नामदेवांनीं किंवा त्यांचें नांव ठेवणाऱ्या वडील मंडळींनीं असा कांहीं हिशेब केला नव्हता. तरी नामदेवांची जी आख्यायिका आमच्याकडे आबालवृद्धांच्या तोंडीं आहे, ती मला येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. औंढा नागनाथाच्या देवळासमोर नामदेव कीर्तन करीत असतां त्यांना तेथून उठवून देवळामागें जावयास सांगण्यांत आलें. ते मागें जाऊन कीर्तनाला उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. तेथील नंदी देवळाच्या पाठीमागें आहे, तो भाविक लोक या कथेची खूण म्हणून दाखवितात. पुढचें मागें झालें, मागचें पुढें झालें, आंतला देव मात्र तोच राहिला. 'सरस' उलटा वाचला तरी सरसच राहतो, असें म्हणणाऱ्या सुभाषितकाराला हेंच सांगावयाचें होतें.

तेव्हां निकाल असा. अक्षरविपर्यासाला साहित्यांत जागा आहे, पण ती स्वतःच्या बळावर नाहीं. अलंकाराला जसें अंग लागतें, तसा या युक्तीला आशय लागतो. वाल्मीकीच्या कथेंत तो आशय पूर्ण आहे. दंडीच्या आणि बटलरच्या युक्तींत तो नेमका आहे. सूर्यकवीच्या काव्यांत आशय आहे, पण त्यासाठीं भाषेला फार कष्ट पडले आहेत. मंत्ररामायणाच्या गुंफणींत आणि निरोष्ठ रामायणांत श्रमांचा वांटा मोठा आणि लाभाचा लहान आहे. मात्र या श्रमांचा तिरस्कार कोणीं करूं नये. भाषेचा एकेक अवयव हातांत घेऊन, फिरवून, पारखून पाहणाऱ्या अशा लोकांमुळेंच ती लवचिक राहिली. पाथरीच्या त्या गणितज्ञाचें नांव आपल्या मुलांना निदान ऐकून तरी ठाऊक असावें, एवढ्यासाठीं हा प्रपंच.

आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांना जवळ बसवून घरांतल्या माणसांच्या नांवांचीं अक्षरें फिरवून पाहा. बरेच शब्द निरर्थक निघतील, कांहीं हंसवितील. एखादा शब्द मूळ नांवाशीं दोन शब्द बोलला, तर समजावें कीं खेळ संपून साहित्याला सुरुवात झाली.